१०० लिटर रसासाठी लाकडावरची काकवी-भट्टी: मापं, बांधकाम आणि आटवणी

पंधरा-वीस गुंठे ऊस असलेल्या शेतकऱ्याला मोठ्या गुऱ्हाळाचा पसारा परवडत नाही. तिथे एका आधणाला शेकडो लिटर रस लागतो, गुळव्या लागतो आणि दिवसभर चार-पाच माणसं अडकतात. घरापुरती आणि गावातल्या गिऱ्हाइकापुरती काकवी करायची तर एका वेळी १०० लिटर रस आटवणारी चपटी कढई आणि तिच्या मापाची भट्टी पुरते. उमरखेड-पुसदकडे असा की वर्धा-भंडाऱ्याकडे, इंधन आपल्या शिवारात आहेच: पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं), तुराटी (तुरीची), बाभूळ.

भट्टीची रचना मेपलच्या पाकवाल्यांची आहे. कॅनडात आणि अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात मेपलच्या झाडाचा रस लांबट, चपट्या कढईत लाकडावर आटवतात. त्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, ४० लिटर आटवले की एक लिटर पाक पडतो. त्यामुळे कमी लाकडात जास्त पाणी उडवायचं गणित त्यांनी पक्कं बसवलं आहे. उसाचा रस १८ ते २० ब्रिक्सचा (ब्रिक्स हे रसात विरघळलेल्या साखरेचं शेकडा माप), म्हणजे ५ लिटरला एक लिटर काकवी. आपल्याकडे पाणी कमी उडवायचं असतं, पण मळी (तापल्यावर वर येणारी रसातली घाण) आणि फेस फार. म्हणून भट्टी त्यांची घ्यावी आणि कढई आपली करावी. त्यांच्या कढईत रस वळणावळणाने फिरावा म्हणून आडपडदे असतात. उसाच्या रसाला ते घालू नका. मळी कोपऱ्यांत अडकते आणि झारा फिरत नाही.

कढई

तळ ४ फूट बाय २ फूट, काठ १० इंच. ३०४ ग्रेडचा स्टीलचा पत्रा, १६ गेज. ८ बाय ४ फुटांच्या एका पत्र्यात १ इंच दुमड धरूनही ही कढई बसते. कोपरे आर्गॉन वेल्डिंगने जोडून घ्या आणि आतून घासून गुळगुळीत करून घ्या. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा स्वस्त पडतो, पण रस आंबट असतो आणि जस्त त्यात उतरतं, म्हणून तो नकोच. शिशाचं डाग देणंही नको.

एका आखूड बाजूला, तळाला लागून, १ इंची स्टीलची तोटी आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. ही बाजू भट्टीच्या तोंडाकडे ३ इंच बाहेर राहू द्या, नाहीतर व्हॉल्व्हचं सील जळतं. कढईला तोटीकडे अर्धा इंच उतार ठेवा.

या कढईत १ इंच खोली म्हणजे जवळपास १९ लिटर. काठावर आतून इंचाच्या खुणा कोरून घ्या, पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

पाया

काळ्या मातीवर थेट बांधलेली भट्टी पहिल्या पावसाळ्यातच फाटते. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात आणि वरचं बांधकाम तिच्यासोबत हलतं. भट्टीची जागा चारही बाजूंनी फूटभर वाढवून दीड फूट खोल खणा, काळी माती पूर्ण काढा आणि ६-६ इंचांच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून धुमस करा. वर एक थर विटांचा सपाट सोलिंग. जागा गोठ्यापासून, कडब्याच्या गंजीपासून आणि वाळलेल्या उसापासून किमान ५० फूट लांब हवी.

भट्टी

एकूण लांबी ७ फूट, आतली रुंदी २२ इंच. कढई २४ इंच रुंद असल्याने दोन्ही बाजूंना एकेक इंच टेकते. भिंती ९ इंच जाड. साध्या विटा ३५० ते ४००, आणि जाळाच्या भागाला आतून लावायला अग्निविटा ३०. २२ इंच हे माप अग्निविटा लावून झाल्यावरचं धरा. चिकणमाती, रेती आणि थोडा गव्हाचा भुसा कालवून जोडकाम करा. आतल्या बाजूला सिमेंट लावू नका, आचेने ते भुगा होऊन पडतं. सिमेंटचे ब्लॉकही तडकतात.

तळाशी ८ इंच उंच राखेची खोली आणि तिला पुढून हवेचं दार. त्यावर २४ इंच लांब जाळी: २० मिलिमीटरचे १७ गज, मध्ये १२ मिलिमीटर फट. जाळीपासून कढईच्या तळापर्यंत १६ इंच. नुसती बाभूळ जाळणार असाल तर १४ इंच चालतील, पण पऱ्हाटी फुसफुशीत असते, तिला जागा लागते.

आता भट्टीतला खरा कळीचा भाग. जाळी संपली की तिथून मागे मुरूम आणि फुटक्या विटांचा चढ भरत न्या आणि वरून विटा लावा. चढ असा, की कढईचं मागचं टोक येईपर्यंत चढ आणि कढईचा तळ यांत ३ इंचच फट उरेल. जाळ या फटीतून दाबला जातो आणि कढईच्या तळाला चाटत मागे जातो. हा चढ न भरता नुसता चौकोनी खड्डा ठेवला, तर पुढचा फूटभर रस उकळतो, मागचा नुसता कोमट राहतो आणि लाकूड दीडपट जातं. फट २ इंचांहून कमी केली तर काजळी धरून ती बुजते आणि धूर दारातून बाहेर येतो.

कढईमागे, धुराड्याच्या अगोदर, ५० लिटरचा स्टीलचा गंज (उंच पातेलं) बसेल एवढं गोल तोंड ठेवा. वाया जाणाऱ्या आचेवर दुसरा रस तापतो. धुराडं ८ इंच व्यासाच्या लोखंडी पाइपाचं, १० फूट उंच. सिमेंटचा पाइप आचेने फुटतो. पाइपात फिरती झडप बसवा आणि वर ठिणग्या अडवणारी जाळी. फेब्रुवारीत आजूबाजूला सगळं वाळलेलं असतं, तेव्हा या जाळीवाचून भट्टी पेटवूच नका. जवळ पाण्याचा ड्रम भरलेला हवा.

भिंतींच्या माथ्यावर ३५ मिलिमीटरच्या अँगलची चौकट टाका, तिच्यावर राख-मातीचा पातळ लेप द्या आणि कढई नुसती ठेवा. मातीत पक्की बसवली तर तापल्यावर वाढायला तिला जागा मिळत नाही आणि वेल्डिंग उलतं.

बांधकाम १०-१२ दिवस सावलीत वाळू द्या. मग तीन दिवस रोज अर्धा तास मंद जाळ. ओल्या भट्टीत पहिल्याच दिवशी मोठा जाळ घातला तर आतली वाफ विटा फोडते.

पाण्यावर चाचणी

रस ओतण्याआधी ३ इंच पाणी उकळा आणि उकळी फुटल्यावर तासाभरात किती उतरतं ते खुणांवर पाहा. सव्वा इंच, म्हणजे २४ लिटरच्या आसपास, उतरलं तर भट्टी जमली. इंचाहून कमी असेल तर आधी लाकूड कोरडं आहे का ते बघा, मग कढईखालच्या फटी. धुराड्यातून ज्वाळा दिसत असेल तर झडप अर्धी मिटा. एकाच बाजूला उकळत असेल तर इंधन एका अंगाला पडतंय.

इंधन

१०० लिटर रसातून साधारण ८० लिटर पाणी उडवायचं असतं. त्याला कोरडी बाभूळ ५० किलोच्या आसपास लागते, पऱ्हाटी थोडी जास्त. लाकूड मनगटाएवढं फोडा आणि दर सात-आठ मिनिटांनी थोडं थोडं घाला. एकदम खच्चून भरलं की उकळी बसते. पऱ्हाटी हातभर तोडून, मोळ्या करून जाळा. ती धुऱ्यावर महिनोन्‌महिने रचून ठेवणं तसंही घातक, गुलाबी बोंडअळी त्यात तग धरते. वेचणी संपल्याबरोबर उपटून भट्टीला लावली तर दोन कामं होतात.

आटवणी

गाळप झाल्यापासून दोन-तीन तासांत रस भट्टीवर हवा, नाहीतर आंबतो आणि काकवी काळी पडते. मलमलीतून गाळून ५० लिटर कढईत घाला, उरलेला गंजात आणि पुरवणीला. जाळ मंद ठेवा. भेंडीची ताजी खोडं ठेचून पाण्यात चोळली की चिकट पाणी निघतं. ते लिटरभर घाला. ८० ते ८५ अंशांवर काळपट मळीचा जाड थर वर येतो. तो उकळी फुटायच्या आत काढायचा. एकदा उकळी फुटली की मळी रसात विरघळते आणि मग कितीही झारा मारला तरी काकवी गढूळच राहते. म्हणूनच कच्चा रस उकळत्या कढईत कधी ओतू नये. गंजातल्या रसाचीही मळी तिथेच काढा आणि मगच तो कढईत सोडा.

मळी निघाली की जाळ मोठा. पिवळसर फेस काठाशी चढू लागला तर शेंगदाण्याचं तेल चार-पाच थेंब टाका, फेस खाली बसतो. रस कुठल्याही क्षणी दीड इंचाच्या खाली जाऊ देऊ नका.

लाकडाचा जाळ चटकन बंद करता येत नाही आणि काकवी शेवटच्या दहा मिनिटांत करपते. त्यामुळे कढईत ३० लिटर, म्हणजे दीड इंच उरलं की तोटी उघडून सगळं गंजात घ्या. कढई कोरडी पडायच्या आत मागून पाणी किंवा पुढचा मळी काढलेला रस ओता, नाहीतर तळ वाकतो. पुढचं आटवण गॅसच्या शेगडीवर.

काकवी उतरवायची ती पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा ६ अंश वर. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, तिथे पाणी ९९ अंशांनाच उकळतं. म्हणून १०५ अंश. त्याच थर्मामीटरने आधी उकळतं पाणी मोजा आणि त्यात ६ मिळवा, म्हणजे थर्मामीटरचा फरकही धरला जातो. रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) असेल तर थंड केलेला थेंब ७२ ब्रिक्स दाखवायला हवा. ६५ च्या खाली काकवी आंबून बाटलीत फेसाळते, ७८ च्या वर तळाशी खडे धरतात. खडे धरू नयेत म्हणून उतरवताना २५ किलोला १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला आणि ढवळा.

गरम असतानाच दुहेरी कापडातून गाळा. उंच, झाकणाच्या भांड्यात ८-१० दिवस निवळू द्या, वरची स्वच्छ काकवी पुन्हा ८५ अंशांवर तापवून उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा.

त्याच संध्याकाळी कढई गरम पाण्याने धुऊन काढा. करपलेला भाग रात्रभर ताकात भिजवला की सकाळी राखेने निघतो. आतून लोखंडी घासणी वापरू नका. तळाची काजळी दर वेळी झाडा, कारण तिच्या थराने आच रसापर्यंत पोचत नाही. हंगाम संपला की कढई उचलून घरात पालथी ठेवा, धुराड्यावर डबा उपडा घाला आणि भट्टी पत्र्याने झाका.