मुलांसाठी घरचा तंबू करताना या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला, तेव्हा हॉलमध्ये त्याला तंबू करून दिला. चार बांबू, वर सुतळी, त्यावर जुनी चादर. दहा मिनिटांत आतून हाक आली, "मावशी, तंबू बसतोय!" वाकून पाहिलं तर वरची गाठ जशीच्या तशी होती. एक बांबू मात्र गुळगुळीत फरशीवरून हळूहळू बाहेर सरकत चालला होता. दोन दिवस मी कापड आणि झालर यांतच गुंतले होते, पायांकडे लक्षच दिलं नव्हतं. त्यानंतर ओळखीच्या घरांत बरेच तंबू उभे केले. बिघडलेल्यांपैकी बहुतेक खालूनच बिघडलेले होते.

मातीत बांबूची टोकं रुततात, फरशीवर त्यांना अडवायला काहीच नसतं. वरून वजन आलं की पाय फाकतात. अशा वेळी सगळे वरची गाठ आणखी आवळत बसतात, पण त्याने काही होत नाही. चारही पायांना जमिनीलगत दोरी फिरवून चौकोन बांधा. प्रत्येक पायाला दोरीचे दोन वेढे द्या, म्हणजे ती सरकणार नाही. दाराच्या बाजूची दोरी सतरंजीखाली घ्या, नाहीतर मूल धावत आत शिरताना अडखळून पडतं. आधारकाठीच्या टोकाला असतात तशी रबरी बुचं बसवली तर फरशीवर ओरखडेही उठत नाहीत. तंबू एका अंगाला कलत असेल तर चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून पाहा. ते सारखे आले की तंबू सरळ होतो.

गाठीची चूक वेगळी. चारही बांबू एकत्र धरून करकचून बांधले तर ते उघडतच नाहीत, आणि जोर लावून उघडले तर दोरी घसरते. बांबू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा. शेंड्यापासून सहा इंच खाली सुती दोरी एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून अशी विणत चार-पाच वेढे द्या आणि किंचित सैल ठेवा. पाय फाकवले की ती आपोआप आवळते. नायलॉनची दोरी मात्र गुळगुळीत बांबूवर धरत नाही. खिळा तर ठोकूच नका, बांबूला उभी चीर जाते.

बांबू बुरुड आळीत बघून घ्या. बोटाएवढ्या काठ्या वाकतात, जाडजूड बांबू पडला तर लागतो. साधारण इंचभर जाडीचे, सहा फुटी पुरेत. बुडखा खाली, शेंडा वर. पेरांवरून उलटा हात फिरवून बघा. जिथे तळव्याला टोचेल, तिथे मुलाच्या बोटात कुसळ जाणार. तेवढ्या जागा पॉलिश पेपरने घासल्या की काम झालं.

कापड कमी का पडतं?

बहुतेक जण तंबूची मधली उंची मोजून कापड आणतात. पाया चार फुटांचा आणि बांबू गाठीपर्यंत साडेपाच फूट असेल, तर मधली उंची भरते सुमारे ४ फूट ८ इंच. पण कापड तिरकं खाली येतं, म्हणून बाजूच्या त्रिकोणाची उंची होते साधारण ५ फूट २ इंच. वर शिलाईसाठी दोन-दोन इंच धरा. जुनी सुती साडी वापरणार असाल तर तिचा पन्हा (रुंदी) बहुधा ४५ इंचांच्या आसपास असतो. तेव्हा पायाच सव्वातीन फुटांवर आणा, जोड द्यावा लागत नाही. त्रिकोण उलटसुलट मांडून कापले की कापड वाचतं. नवं मांजरपाट असेल तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा. पहिल्या धुण्यात ते आटतं आणि चांगला बसलेला तंबू आखूड होतो.

नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी दिसायला झकपक असते, पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये आत मूल घामाने निथळतं. शिवाय ठिणगी लागली तर ते कापड वितळून अंगाला चिकटतं. म्हणून सुतीच घ्या. पण सुतीही पेटतंच, तेव्हा तंबू देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब असू दे.

यापुढचं मी प्रत्येक घरी हात जोडून सांगते. खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत दोरी ताणून तिच्यावर चादर टाकू नका. ती दोरी नेमकी धावणाऱ्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर येते, आणि ओढली गेली तर कपाटही हलतं. लोंबणारी टोकं, नाड्यांचे फास कापून टाका. दार बंद होईल असं काही लावू नका. पडदा बाजूला सारून मूल कधीही बाहेर येऊ शकलं पाहिजे. आत दिव्यांची माळ हवी असेल तर सेलवरची घ्या, आणि सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघा. बटणासारखा चपटा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. संशय आला तरी थेट दवाखान्यात न्या.

गच्चीवर तंबू उभारला असेल तर जवळ मोठं माणूस हवं. वळवाचा वारा सुटला की कापड शिडासारखं फुगतं. गॅलरीत तर नकोच, तंबूचा आधार घेऊन मूल कठड्यावर चढतं.

पावसाळ्यात कापड दमट असताना घडी घातली तर कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच ठेवा. बांबू कोरड्या कोपऱ्यात उभे करा आणि अधूनमधून बुडख्याकडे बघा. खाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली तर भुंगा लागलाय, तेवढा बांबू बदला.