जपानात मासा दिसला तर खा, साधं सूप दिसलं तर थांबा

जपानहून आल्यापासून नागपुरात बर्डीवर भेटलेला प्रत्येक माणूस एकच विचारून राहिला, बाई तिथे खाल्लं काय? म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. आमचा ताफा असा: मी, नवरा, दोन पोट्टे (मोठा ११ चा, लहानी ५ ची) आणि सासूबाई. सासूबाईंना अंडं चालते, मांस-मच्छी अजिबात नाही. नवरा काहीही खाते. असा मिक्स परिवार असेल तर खालचं तुमच्या कामाचं आहे, नुसते मांसाहारी असाल तं तुम्हाला तिथे काही अडचणच नाही, अर्धं सोडून वाचा.

आधी तारखा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळे मे महिना अख्खा हातात असतो, पण २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास तिथे गोल्डन वीक असतो, लागून सुट्ट्या, सगळा जपान फिरायला निघालेला आणि हॉटेलं महाग. जूनमध्ये पाऊस सुरू होते. म्हणून मेचा मधला काळ धरा, इथे ४५ डिग्रीत कूलर घरघरत असते अन् तिथे टोकियोत दुपारी पंचविशीच्या आतबाहेर, बिनघामाचं चालता येते. चेरीची फुलं पाहायची तर मार्चचा शेवट-एप्रिलची सुरुवात, पण तेव्हा पोट्ट्यांच्या परीक्षा, विषय संपला.

नागपूरहून थेट विमान नाही, दिल्ली किंवा मुंबई गाठायचीच. तिकीट काढताना टोकियोला उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत निघायचं असं जमते का बघा, बँकॉक-सिंगापूर मार्गे का असेना, एक दिवस आणि परतीचं ट्रेनचं भाडं वाचते. व्हिसा आधी काढून ठेवावा लागतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे पहिले दोन दिवस पोट्टे सकाळी उठतच नाहीत, त्या दिवशी भारी प्लॅन ठेवू नका.

शहरं तीनच करा. टोकियो ४ रात्री, क्योतो ३, ओसाका २, आणि नारा एका दिवसात जाऊन येऊन. लोक हिरोशिमा, हाकोने, फुजी सगळं कोंबतात आणि मग रोज बॅगा भरत बसतात. तिथे रोज १५-२० हजार पावलं सहज होतात, आमच्या सासूबाई फुटाळा तलावाला रोज चक्कर मारतात तरी तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसल्या होत्या.

ट्रेनचा पास, म्हणजे जेआर पास, सगळे घ्या म्हणतात. जुनी गोष्ट आहे ती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन, मग वरच्या प्लॅनमध्ये पास कशाला? सुटं तिकीट काढा. ६ वर्षांखालचं पोरगं मांडीवर फुकट, ६ ते ११ अर्धं तिकीट. टोकियोहून जाताना 'ई' नंबरची सीट मागा, उजवीकडे पाऊण तासाने फुजी दिसते, आकाश साफ असेल तं. सुटकेसची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर त्या गाडीत बॅगेच्या जागेजवळची सीट आधी बुक करावी लागते. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवर सांगा, कुरिअरवाले मोठ्या बॅगा पुढच्या हॉटेलला पोचवतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी. आम्ही एका रात्रीचे कपडे पाठीवर टाकून मोकळे. पैसे गेले, पण सासूबाई आणि दोन पोट्टे घेऊन स्टेशनात बॅगा ओढायचा ताप गेला.

शहरात फिरायला सुइका, पास्मो नाहीतर इकोका कार्ड, कोणतंही एक घ्या, तिन्ही शहरांत चालते, दुकानात पण चालते. मुलांचं अर्ध्या भाड्याचं कार्ड काउंटरवर पासपोर्ट दाखवून मिळते. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. माझ्या नवऱ्याला हे जमायला चार दिवस लागले.

आता मुद्द्याचं, खाणं. दिसतं तसं नसतं ही म्हण जपानच्या खाऊगल्लीतूनच निघाली असावी. तिथलं सगळं गाडं दाशीवर चालते. दाशी म्हणजे पाणी उकळून काढलेला अर्क, त्यात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ असते आणि बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे. साधं सूप, नूडल्सचं पाणी, उकडलेली भाजी, अगदी काडीवर मिळणारं गोडसर ऑम्लेट तामागोयाकी, सगळ्यात ती. आम्ही पहिल्याच दिवशी एका स्टेशनातल्या दुकानात सासूबाईंना उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स, दिलं, वर नुसती कांद्याची पात, त्यांनी वाटी तोंडाला लावून रस्सा संपवला आणि बारा वाजता मला फोनवर वाचून कळलं. मी सांगितलं. बाई दोन तास बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, चव मात्र चांगली होती.

म्हणून मोबाईलमध्ये हे वाक्य जपानी लिपीत सेव्ह करून ठेवा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', मांस आणि मासे खात नाही. पण निकु नाही म्हटल्यावरही दाशी येतेच, त्यांच्या हिशोबात ती मच्छी नाहीच, मग पुढे जोडा, 'दाशी मो दामे देसु', दाशी पण नको. आधी 'सुमिमासेन' म्हणा, म्हणजे आपलं 'ऐका ना'.

याच्या उलट ताइयाकी. हुबेहूब मासा, खवले-शेपटी सकट, पाहून सासूबाई मागे सरकल्या. आत मासा नाही, गोड लाल चवळीसारख्या डाळीचं सारण, आपलं पुरणच समजा, बाहेरून गरम खरपूस. त्या दिवसानंतर मासा दिसला की त्याच पुढे. असंच सारण टोकियोतल्या आसाकुसा भागात नाकामिसे गल्लीतल्या निंग्योयाकी नावाच्या छोट्या केकमध्ये असते, कामिनारीमोन दरवाज्याचा तो मोठा लाल कंदील ओलांडला की सेन्सोजी मंदिरापर्यंत दोन्ही बाजूला दुकानंच दुकानं. तांदळाच्या पिठाचे दांगो मिळतात काडीवर, उकडीच्या मोदकाची पारी चावल्यासारखं लागते. भाजलेलं रताळं, याकीइमो, उपासाला चालेल इतकं सोज्वळ. रात्री भूक लागली की सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही दुकानं, तिथे उमे म्हणजे खारट-आंबट प्लमवाली ओनिगिरी (भाताचा गोळा) शोधा, आणि अंड्याचं सँडविच. त्याच सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून आपल्या कार्डावर येन निघतात (बँकेला आधी सांगून ठेवा), गाड्यांवर अजून रोखच लागते. क्योतोत एक जेवण शोजिन र्योरीचं करा, बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, महाग आहे पण सासूबाई तिथे पहिल्यांदा निवांत जेवल्या, आपल्या कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराची आठवण काढत.

खाताना चालायचं नाही. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात, क्योतोच्या निशिकी बाजारात गाड्यासमोर उभं राहून खायचं, काडी त्यालाच द्यायची, कारण रस्त्यावर कचरापेटीच नसते, १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या विषारी वायू हल्ल्यानंतर बऱ्याच काढून टाकल्या. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा. त्सुकिजीचा मासे-लिलाव २०१८ मध्ये तोयोसूला गेला, बाहेरची दुकानं तिथेच आहेत, पण दुपारी दोनपर्यंत आटोपतात, तर्री पोह्यासारखं सकाळीच गाठा.

क्योतोत फुशिमी इनारी मंदिरात सकाळी सातला जा. ते २४ तास उघडं, तिकीट नाही, आणि नऊ वाजता त्या लाल कमानींत नुसती डोकीच डोकी. तिथूनच इनारी स्टेशनवर नाराची ट्रेन मिळते. नारात हरणांना देण्यासाठी बिस्किटं मिळतात, हरीण मान लववते म्हणून पोट्टे खूश, पण बिस्किट हातात धरून खेळवत बसाल तर मागून कपडे ओढते, लहानीचा फ्रॉक फाटला.

ओसाकाचं दोतोनबोरी, तिथली खाऊगल्ली, रात्री. नवरा आणि मोठा यांच्यासाठी ताकोयाकी, आप्पेपात्रात करतात तसे गोळे, आत ऑक्टोपस. वरून करकरीत दिसते अन् आत लाव्हा, फोडून दोन मिनिटं थांबा, मोठ्याची जीभ तीन दिवस चरचरत होती. ओकोनोमियाकी म्हणजे पत्ताकोबीचं जाड धिरडं, वर पापुद्रे वाफेने हलतात ते बोनितोच, ते 'नाशी', म्हणजे 'त्याशिवाय द्या', म्हटलं तरी पिठात दाशी असतेच. कुशिकात्सु म्हणजे काडीवर तळलेले तुकडे, त्याच्या सामायिक सॉसमध्ये एकदाच बुडवायचं, चावलेलं परत नाही.

नेण्याबद्दल थोडं: संत्री नेऊ नका, ताजी फळं कागदांशिवाय अडवतात. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर बंदी आहे, गोळीच्या पाकिटावर वाचा. वीज तिथे १०० व्होल्ट, दोन चपट्या पिनांची, फोनचा चार्जर अडॅप्टर लावून चालते पण घरची किटली नीट तापत नाही. ती नेऊही नका, हॉटेलात असते, इन्स्टंट उपमा तिच्यावरच होते.

आणि टोकियोत असताना अर्धा दिवस काप्पाबाशीला काढा, आसाकुसाहून चालत, भांड्यांचीच गल्ली. पाचच्या सुमारास बंद होते आणि रविवारी बरीच दुकानं बंद. सासूबाईंनी तिथून ताइयाकीचा लोखंडी साचा घेतला, गॅसवर चालणारा, आता त्यात पुरण भरून राहिल्या. साचा जड आहे तेवढं वजन बॅगेत आधी मोजून ठेवा, आणि सुरी घ्याल तं चेक-इनमध्येच.