पोकर टुर्नामेंटमधल्या त्याच त्या चुका, आणि नोकरी सोडण्याआधी करायचं गणित

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं बंद झालं, त्यामुळे खालचं सगळं यूके, कॅनडा वगैरे जिथे कायदेशीर आहे तिथे बसून खेळणाऱ्या आपल्या लोकांसाठी आणि गोव्याच्या कॅसिनोत टुर्नामेंटला जाणाऱ्यांसाठी आहे. मी बरीच वर्षं लोकांचे हँड, म्हणजे खेळलेले डाव, बघून देतो आणि खरं सांगायचं तर वैताग आलाय, कारण दहातले आठ हँड एकाच चुकीचे असतात.

चिप्स म्हणजे पैसे नव्हेत

ही सगळ्यात मोठी चूक. कॅश गेममध्ये शंभराची चिप शंभर रुपयाचीच असते, टुर्नामेंटमध्ये तसं नाही. तुमचा स्टॅक, म्हणजे समोरचा चिप्सचा ढीग, डबल झाला म्हणून तुमची कमाईची शक्यता डबल होत नाही, पण स्टॅक गेला की ती थेट शून्य होते. आयसीएम (चिप्सची बक्षिसाच्या पैशातली किंमत काढायचं गणित) म्हणतात ते हेच. सगळ्यांना शब्द माहिती असतो, गणित कुणी करत नाही.

टोरंटोतला एक मुलगा, हुशार, सॉल्व्हरवर, म्हणजे योग्य चाल काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तासन्तास बसणारा. सॅटेलाइट (जिथे बक्षीस म्हणून मोठ्या टुर्नामेंटची सीट मिळते) खेळत होता, तीन सीट आणि उरलेले प्लेयर चार, चौघांचे स्टॅक जवळपास सारखे. समोरचा प्रत्येक हँडला न बघता ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स, ढकलत होता, आणि याच्याकडे आले एस-किंग (एक्का-राजा). कॉल केला, समोर कसलीतरी छोटी पेअर निघाली, ती टिकली आणि हा चौथा, म्हणजे हातात काहीच नाही. मला हँड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काय नशीब बघा.’ मी म्हटलं नशिबाचा संबंध काय, गणित कर. चौघांचे स्टॅक सारखे, सीट तीन, म्हणजे फोल्ड मारून (पत्ते टाकून) नुसता बसलास तरी सीट मिळायचे चान्स साधारण 75 टक्के. कॉल करून जिंकलास तर सीट पक्की, हरलास तर शून्य. म्हणजे कॉल करायला तुझा हँड 75 टक्के वेळा जिंकायला हवा. एस-किंग अगदी कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध घेतले तरी 65 ते 67 टक्केच जिंकतात. पॉकेट टेन्स (हातात दोन दश्श्या) जेमतेम काठावर येतात, 75 ला. जॅक्स (दोन गुलाम) आणि त्याच्या वर ठीक आहे. म्हणजे समोरचा डोळे झाकून ढकलतोय हे माहिती असूनही एस-किंग फोल्ड. त्याचा पहिला प्रश्न, ‘पण मी पुढे होतो ना?’ होतास, पण पुढे असणं पुरेसं नव्हतं. आणि समोरच्याला हे गणित येत होतं म्हणूनच तो ढकलत होता, कारण कॉल करणाऱ्याला 75 टक्के लागतात, ढकलणाऱ्याला फक्त बाकीच्यांनी फोल्ड मारायला हवं.

साध्या टुर्नामेंटच्या बबलवर, म्हणजे बक्षिसं सुरू व्हायच्या जरा आधी, इतकं टोकाचं नसतं, पण दिशा तीच. तुमचा स्टॅक मधला असेल तर तुम्हाला उडवू शकणाऱ्या मोठ्या स्टॅकशी विनाकारण भांडू नका, छोट्यांवर दबाव टाका. माझी सवय अशी आहे की बबल जवळ आला की हँड बघायच्या आधी टेबलवरचे सगळे स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये (पत्ते वाटायच्या आधी सक्तीने भरायच्या दोन रकमांपैकी मोठी) मोजून घ्यायचे. आधी पत्ते बघितले की मग माणूस कारणं शोधत बसतो.

छोट्या गोष्टी, पण रोज दिसतात

दहा बिग ब्लाइंडच्या खाली लिंप करून (नुसता ब्लाइंड भरून) मग फ्लॉपवर, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर, फोल्ड मारू नका, ढकला नाहीतर सोडा.

बिग ब्लाइंडमधून फार फोल्ड मारतात लोक. समोरच्याने बिग ब्लाइंडच्या दुप्पट रेझ केला, अर्धा स्मॉल ब्लाइंड पॉटमध्ये आहे आणि अँटे (सगळ्यांसाठीची जादा सक्तीची रक्कम) एका ब्लाइंडची असेल, तर एक ब्लाइंड भरून साडेचारचा पॉट मिळतो, म्हणजे फक्त 18 टक्के वेळा जिंकलं तरी पुरतं. साधे सूटेड (एकाच चिन्हाचे) पत्ते असले तरी बघा की.

लेट रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या मिनिटाला वीस ब्लाइंड घेऊन येणं गणिताने चूक नाही, अनुभवी लोक येतात. पण नवीन मुलं तेच करतात कारण त्यांना सुरुवातीचे दोन तास बसायचा कंटाळा येतो, आणि मग डीप स्टॅक (भरपूर ब्लाइंड हातात असताना) खेळायला कधी शिकतच नाहीत. फ्लॉपनंतरचा खेळ तिथेच शिकायला मिळतो, याला शॉर्टकट नाही.

सहा टेबल एकदम लावणं, दोन टेबलवर नीट विचार करता येत नाही तोवर बंद.

क्रेडिट कार्डवर किंवा उधारीवर बाय-इन (एंट्री फी) भरलेला कळला तर मी तो हँड बघतच नाही. त्यांना सांगतो आधी खेळ थांबव आणि घरी बोल.

एक मोठी टुर्नामेंट जिंकून राजीनामा

क्रिस मनीमेकरने 2003 मध्ये 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून सुरुवात करून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट मारली, 25 लाख डॉलर. प्रत्येक नवीन मुलाला ही गोष्ट पाठ असते. त्या मेन इव्हेंटला 839 लोक बसले होते, बाकीच्या 838 जणांची गोष्ट कुणाला पाठ नसते.

पुण्यातला एक ओळखीचा, आयटीत चांगली नोकरी. कायदा यायच्या आधी, एका रविवारी मोठी टुर्नामेंट जिंकला आणि महिन्याभरात राजीनामा. मी आणि त्याच्या मोठ्या भावाने बसून त्याला कागदावर दाखवलं होतं. सरासरी बाय-इन हजार रुपये धर, तुझा आरओआय (बाय-इनवरचा सरासरी नफा) 20 टक्के धर, जो टिकवणं सोपं नाही, म्हणजे एका टुर्नामेंटमागे 200 रुपये. महिन्याला दोनशे टुर्नामेंट खेळलास तर 40 हजार, तेही कागदावर, कारण शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा तू बाय-इन घालवून रिकाम्या हाताने उठणार आणि वर्षाची सगळी कमाई चार-पाच फायनल टेबलमधून येणार, ती कधी येतील ते कुणाच्या हातात नाही. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टॅक्स. तो म्हणाला माझा आरओआय तर शंभराच्या वर आहे. एका जिंकलेल्या रविवारवरून काढलेला!

पुढे काय झालं, तर खेळ तसा वाईट नव्हता त्याचा, पण सहा-सात महिने एकही मोठं फिनिश नाही आणि घरखर्च त्याच बँकरोलमधून, म्हणजे खेळायला ठेवलेल्या पैशातून. ऑक्टोबर 2023 पासून डिपॉझिटवर 28 टक्के जीएसटी लागला. आणि 2025 च्या कायद्यानंतर ज्या साइटवर खेळायचा तिथे पैशाचे टेबलच बंद. शेवटी कमी पगारावर परत नोकरी, आणि मधल्या गॅपबद्दल प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये प्रश्न.

मी फुल-टाइमच्या विरोधात नाही, करणारे आहेत आणि नीट करतात. पण मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो की घरखर्चाचं एक वर्ष वेगळ्या खात्यात आहे का, आणि त्याशिवाय तुझ्या नेहमीच्या लेव्हलचे दोनशे बाय-इन आहेत का. लोक म्हणतात शंभर पुरतात. मोठ्या फील्डमध्ये शंभर कधी संपतात कळत नाही. आणि निदान वर्षभराचा रेकॉर्ड दाखव, ज्यात प्रत्येक री-एंट्री (बाद झाल्यावर परत पैसे भरून बसणं) वेगळा बाय-इन म्हणून लिहिलेली आहे. तीन वेळा एंट्री मारून मिन-कॅश (सगळ्यात छोटं बक्षीस) केलेली टुर्नामेंट लोक प्रॉफिटमध्ये लिहितात, मी स्वतः बघितलंय.

गोव्यात लाइव्ह खेळून पोट भरायचं म्हणणाऱ्यांनी आधी सीएला भेटा. भारतात लाइव्ह टुर्नामेंट जिंकलात की त्या रकमेवर टॅक्स, आणि हरलेल्या बाकीच्या टुर्नामेंटचे बाय-इन, हॉटेल, प्रवास यातलं काही वजा होत नाही. यूकेमध्ये खेळणाऱ्याच्या जिंकण्यावर टॅक्स नाही, त्यामुळे लंडनच्या मित्राचा हिशोब उचलून पणजीला लावू नका.

व्हीपीएन

व्हीपीएन लावून, म्हणजे लोकेशन लपवून, भारतातून खेळू का, हे विचारणारे मेसेज हल्ली सगळ्यात जास्त येतात. नको. कायदा तर आहेच, पण बहुतेक साइटच्या स्वतःच्या नियमातही व्हीपीएन चालत नाही. पैसे भरताना कुणी काही विचारत नाही, मोठी रक्कम काढायला गेलात की ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात, लोकेशन जुळत नाही आणि अकाउंट लॉक. मग तक्रार करणार कुणाकडे, जिथे खेळायलाच बंदी आहे तिथल्या पोलिसांकडे?