पुलाचा कठडा करवतीसारखा दिसला तर

रत्नागिरीजवळच्या खाडीपुलाच्या लेसर स्कॅनचा मेश (बिंदू जोडून केलेला त्रिकोणांचा पृष्ठभाग) केला आणि सरळसोट कठडा करवतीच्या दात्यांसारखा आला. दोष स्कॅनरचा नव्हता. यूटीएम (जागा मीटरमध्ये सांगणारी नकाशा-पद्धत) झोन ४३ मध्ये तिथला नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेचा आकडा, सुमारे १८,८०,००० मीटर. मेशचे आकडे ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे मोजकेच अंक मावणाऱ्या दशांश संख्येत होते; तिथे एवढ्या आकड्याला १२.५ सेंटिमीटरच्या पायऱ्या पडतात. ईस्टिंग, म्हणजे पूर्वेचा आकडा, तीन लाखांच्या आसपास, तिथे जेमतेम ३ सेंटिमीटर. दाते एकाच दिशेला मोठे, हीच खूण.

स्कॅनचे बिंदू ठेवणारी मूळ एलएएस फाइल शाबूत असते, ती आकडे पूर्णांकात ठेवते. तिच्यातूनच ३,१९,००० आणि १८,८०,००० वजा करून मग मेश केला. वजा केलेले आकडे फाइलच्या नावातच लिहिले, नाहीतर महिन्याभराने पूल समुद्रात! बिघडलेल्या मेशमधून वजाबाकी फुकट. पायऱ्या तशाच राहतात.

पाण्याखाली उलटे खांब दिसले तर ते प्रतिबिंब. सरळ कापून टाका.