विचित्र राजकीय बातमी ग्रुपवर टाकण्याआधी: तपासायची कशी, मांडायची कशी

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातलं उमराणे हे कांद्याच्या बाजाराचं गाव. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तिथे सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली २ कोटी ५ लाखांवर गेली आणि पैसे मंदिराच्या कामाला लावायचे ठरले. ही बातमी खरी आहे आणि अजूनही ग्रुपांवर फिरते. मात्र फिरता फिरता तिचं शेपूट तुटलं आहे. राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची, आणि तसाच लिलाव झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची, निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. शेपटासकट सांगितली तर हीच गोष्ट दुप्पट रंगते. शेपटाशिवाय ती ‘आपल्याकडे काहीही चालतं’ एवढीच उरते, आणि ते खरं नाही, कारण चालू दिलं गेलं नाही.

रविवारी मिसळीच्या टेबलावर किंवा रात्री ग्रुपवर असल्या बातम्या वाटून घेणं ही चांगली सवय आहे. निवडणुकीचे नियम पुस्तकातून कळत नाहीत इतके अशा किश्श्यांतून कळतात. अट एकच, किस्सा खरा हवा. तो तसा आहे की नाही हे पाहायला बहुतेक वेळा दहा मिनिटं पुरतात.

‘असं होऊच शकत नाही’ ही कसोटी वापरू नका

विचित्र बातमीच्या बाबतीत अंदाज दोन्ही बाजूंनी फसतो. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत काय झालं ते बघा. राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे भास्कर भगरे सर ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर उभे होते. त्याच मतदारसंघात बाबू भगरे हे अपक्ष, त्यांच्याही नावापुढे ‘सर’, आणि चिन्ह नुसतं ‘तुतारी’. बाबू भगरे यांना १,०३,६३२ मतं पडली. भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले. कुणी मनाने रचलं असतं तर ‘जरा अतीच झालं’ म्हणून आपण ते बाजूला टाकलं असतं.

याच निकालात आणखी एक गंमत दडली आहे. अनामत वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. दिंडोरीत पहिल्या तिघांचीच मतं ११ लाख ४५ हजारांच्या वर जातात, त्यांचा सहावा हिस्सा १ लाख ९० हजार. म्हणजे लाखावर मतं मिळवूनही अनामत जाते. निकालाचं पान उघडून भागाकार केला की असा दुसरा किस्सा फुकटात हाती लागतो.

आधी दावा एका वाक्यात लिहा

मेसेज वाचल्यावर त्यातून चार गोष्टी वेगळ्या काढा: कोण, कुठे, कधी, आणि नेमकं काय केलं. यातली एक जरी सापडत नसेल तर तिथेच थांबा. ‘एका आमदाराने नुकतंच’ असं सुरू होणाऱ्या मेसेजमध्ये तपासण्याजोगं काहीच नसतं, आणि तो तसा लिहिलेला असतो तो तपासता येऊ नये म्हणूनच.

क्रियापदाकडे नीट बघा. मागणी केली, प्रस्ताव मांडला, समितीने शिफारस केली, निर्णय झाला, अंमलात आला, या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. महापालिकेत एखादा अजब प्रस्ताव चर्चेला येतो, संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तो ‘महापालिकेचा निर्णय’ झालेला असतो. तुटलेली शेपटं सगळ्यात जास्त इथेच सापडतात.

मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असेल तर तो किमान पाच वेळा हातोहात फिरून तुमच्यापर्यंत आला आहे. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. तो खोटाच असेल असं नाही, पण पाठवणारा मित्र त्याचा उगम नाही हे नक्की. ‘तुला कुठून आलं?’ असं त्याला विचारत बसण्यापेक्षा मूळ बातमी शोधायला घ्या.

मूळ बातमी शोधताना दोन वेगळ्या वृत्तपत्रांत ती आहे का ते पाहा, आणि दोघांनी एकाच वृत्तसंस्थेची प्रत उचललेली नाही ना, तेही. नाशिक जिल्ह्यातल्या गोष्टीसाठी ‘देशदूत’, ‘गावकरी’ किंवा मोठ्या दैनिकांची नाशिक आवृत्ती बघायची. तालुक्यातल्या खऱ्या भानगडीची निदान दोन ओळींची बातमी तिथे आलेली असते. कात्रणाचा फोटो आला असेल तर त्या तारखेचा ई-पेपर उघडून ते पान शोधा. कात्रणावर तारीख किंवा पान क्रमांक नसेल, अक्षरांचं वळण त्या दैनिकाचं वाटत नसेल, किंवा मथळ्याची रुंदी खालच्या रकान्यांशी जुळत नसेल, तर ते कात्रण मोबाइलवर बनवलेलं असण्याची शक्यता मोठी. फार जुन्या कात्रणासाठी १८४० साली सुरू झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करायला हरकत नाही.

फोटो आणि व्हिडिओ

फोटोवरचा मजकूर कापून टाका आणि उरलेलं चित्र गूगल लेन्समध्ये घाला. मजकूर तसाच ठेवला तर शोधयंत्र तोच मजकूर शोधतं आणि तेच फॉरवर्ड परत समोर येतात. टिनआय या साइटवर ‘सर्वांत जुना’ असा क्रम लावता येतो. तिथली तारीख बातमीच्या तारखेच्या आधीची निघाली तर विषय संपला.

शोधयंत्राला काही सापडलं नाही तर डोळे वापरा. गाडीची पाटी एमएच १५ असेल तर नोंदणी नाशिकची, एमएच ४१ असेल तर मालेगावची. रस्त्यावर सिटीलिंकची, म्हणजे नाशिकच्या शहर बससेवेची, बस दिसत असेल तर फोटो २०२१ च्या आधीचा नाही, कारण ती सेवाच त्या वर्षी सुरू झाली. दर पावसाळ्यात गोदावरीच्या पुराचे जुने व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात आणि त्यावर पुढाऱ्यांच्या नावाने टोमणे जोडलेले असतात. अशा वेळी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आहे ते व्हिडिओत बघा आणि त्या दिवशीच्या बातमीशी ताडून पाहा. सिंहस्थ जवळ येईल तशी दुसऱ्या कुंभांतली दृश्यं नाशिकच्या नावावर खपवली जातील. रामकुंडाचा परिसर आपल्याला पाठ आहे, त्याचा उपयोग करा.

भाषणाची वीस सेकंदांची क्लिप कधीच पुढे पाठवू नका. यूट्यूबवर पूर्ण भाषण शोधा आणि त्या वाक्याच्या दोन मिनिटं आधीपासून दोन मिनिटं नंतरपर्यंत ऐका. वक्ता विरोधकाचं म्हणणं उद्धृत करत होता असं फार वेळा निघतं.

शासन निर्णय आणि निवडणुकीचे आकडे

बनावट जीआर ओळखणं सोपं आहे. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी, डिजिटल सहीच्या जवळ, ‘त्याचा संकेतांक’ म्हणून एक लांबलचक क्रमांक दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख: वर्षाचे चार, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन. वर छापलेली तारीख आणि हे आठ अंक यांत मोठं अंतर दिसलं तर संशय घ्या. मग महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर तो संकेतांक टाका. तिथे सापडला नाही तर ग्रुपवर टाकू नका. केंद्र सरकारच्या नावाने आलेल्या दाव्यासाठी पीआयबी (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेक आहे, पण ते केंद्राशी संबंधित गोष्टीच तपासतं, महापालिकेच्या नाही.

उमेदवाराच्या संपत्तीबद्दल, शिक्षणाबद्दल किंवा गुन्ह्यांबद्दल काही आलं तर त्याचं शपथपत्र, म्हणजे फॉर्म २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुलं असतं. केंद्रनिहाय मतांसाठी फॉर्म २० बघा.

‘मतदारांपेक्षा मतं जास्त’ हा दावा महापालिका निवडणुकीनंतर हमखास येतो. चार सदस्यांच्या प्रभागात एक मतदार चार जागांसाठी चार मतं देतो. प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची मतं कुणी एकत्र मिळवली तर बेरीज मतदारसंख्येच्या पुढे जाणारच. बेरीज खरी असते, आरोप चुकीचा असतो. म्हणून आधी जागेनुसार, म्हणजे अ, ब, क, ड, वेगळी बेरीज करून बघा.

‘नोटा’, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’ या पर्यायाबाबतही असाच घोळ होतो. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मतं मिळाली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, हे खरं. पण ‘नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक’ हे वाक्य विधानसभेला आणि लोकसभेला लागू नाही. तिथे नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. फेरनिवडणुकीचा आदेश महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी काढला. दोन आयोग वेगळे, त्यांचे नियमही वेगळे. ही गल्लत जाणकार माणसंही करतात.

मोठ्या आकड्यामागचं कारण शोधलं की बातमीला वजन येतं. तमिळनाडूतल्या मोडकुरिची मतदारसंघात १९९६ साली १,०३३ उमेदवार उभे राहिले. तो शेतकऱ्यांचा निषेध होता, आणि तो परवडला कारण विधानसभेची अनामत तेव्हा २५० रुपये होती. त्याच वर्षी ती ५,००० झाली, आता १०,००० आहे. तरी २०१९ मध्ये निजामाबादला हळदीच्या भावासाठी शेतकरी लोकसभेला उतरलेच. १८५ उमेदवार झाले आणि प्रत्येक केंद्रावर मतदान यंत्राची बारा बॅलट युनिटं (उमेदवारांच्या बटणांचे भाग) जोडावी लागली. नुसता आकडा सांगितला तर लोक हसतात. त्यामागचं कारणही जोडलं तर आपल्या लासलगावच्या बाजारभावापर्यंत बोलणं जातं.

परदेशातल्या गमती

इथे एकच शब्द गळतो आणि अर्थ बदलतो. अलास्कातल्या टॉकीटना गावात स्टब्स नावाचा बोका ‘महापौर’ होता, पण मानद. साओ पावलोत १९५९ मध्ये काकारेको या गेंड्याला नगरपरिषदेच्या निवडणुकीत लाखाच्या आसपास मतं पडली. ती निषेधाची मतं होती, गेंडा काही सभागृहात बसला नाही. रोमन सम्राट कॅलिग्युलाने घोड्याला कॉन्सल (रोममधलं मोठं शासकीय पद) ‘केलं’ असं सर्रास सांगतात. प्राचीन लेखकांनी लिहिलंय ते एवढंच, की त्याचा तसा बेत असल्याचं बोललं जाई.

उपहासाच्या साइटी वेगळ्या ओळखायला हव्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘द अनियन’ या अमेरिकी उपहास-पत्राने किम जोंग उन यांना जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवलं, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरं समजून मोठी छायाचित्रमालिका छापली. साइटचं ‘आमच्याविषयी’ हे पान आधी उघडा, तिथे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं.

पोस्ट लिहिताना

पहिल्या ओळीत ठिकाण आणि वर्ष. दुसऱ्या ओळीत घटना. तिसरीत पुढे काय झालं. चौथीत स्रोत. उदाहरणार्थ:

‘लातूर ग्रामीण, विधानसभा २०१९.
नोटाला २७,५०० मतं, दुसरा क्रमांक.
पहिल्या क्रमांकाचा उमेदवार नियमाप्रमाणे विजयी.
आकडा निवडणूक आयोगाच्या निकालातला.’

वर्ष पहिल्या ओळीत हवं, कारण पुढे पाठवताना लोक मेसेजचा तळ कापतात, डोकं क्वचितच. स्वतःचं मत द्यायचं असेल तर वेगळ्या मेसेजमध्ये द्या. एकत्र दिलं की तिसऱ्या ग्रुपवर तुमचं मतच बातमी होऊन जातं. स्क्रीनशॉटऐवजी लिंक द्या, आणि लिंक इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा. संकेतस्थळांवरची पानं गुपचूप बदलली जातात आणि मग वाद मिटवायला काहीच हातात उरत नाही.

चूक लक्षात आली तर पहिल्या पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. नुसता काढू नका. ‘हे चुकीचं होतं, खरं असं आहे’ असं लिहा, कारण तोवर तो दोन ग्रुप पुढे गेलेला असतो आणि त्या मित्रांना दुरुस्तीही पाठवता आली पाहिजे.

जे टाकायचंच नाही

मुलं पळवणारी टोळी, दंगल, एखाद्या जातीवर किंवा धर्मावर रोख असलेला ‘किस्सा’, हे कितीही विचित्र वाटलं तरी गमतीच्या ग्रुपवर येता कामा नये. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच वेळी मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, पोलिसांनी त्यांना वाचवलं. असा मेसेज आला तर पुढे न पाठवता थेट पोलिसांच्या ११२ क्रमांकावर कळवा.

खोटी अफवा पसरवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे, आणि निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करण्यासाठी कलम १७५. ॲडमिनवर सभासदाच्या पोस्टची जबाबदारी आपोआप येत नाही. दोघांचा समान हेतू असल्याशिवाय ॲडमिनला दोषी धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. तरीही मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत ग्रुप ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतात’ या सेटिंगवर ठेवावा. त्या दोन दिवसांत आलेलं कुठलंही विचित्र वृत्त आपल्याला तपासून होत नाही आणि ज्याच्याबद्दल ते असतं त्याला खुलासा करायला वेळ मिळत नाही. अशा बातम्या वहीत टिपून ठेवा आणि मतमोजणीनंतर फॉर्म २० शेजारी घेऊन उघडा.