बरेच दिवस पडून असलेला स्वस्तातला ड्रोन परत उडवताय? या चुका टाळा

परवा कपाटावरचा बॉक्स खाली काढला, सायमा एक्स५सी, शिकायला म्हणून घेतलेला, दोन पावसाळे तसाच पडून होता. भाचा लगेच म्हणाला, मामा लाव की चार्जिंगला. थांब म्हटलं, कारण सगळ्यात मोठी चूक हीच होते.

आधी बॅटरी बाहेर काढून बघा. लिपोची (लिथियम पॉलिमर) ३.७ व्होल्टची एकच सेल असते आणि नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरत जाते. आमची तर फुगून उशी झालती, टेबलावर सपाट बसेना, डुगडुगायला लागली. अशी बॅटरी चार्ज करायचीच नाही, आणि टोचून हवा काढायला तर अजिबात जाऊ नका, पेट घेते. फुगली नसली तरी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा, ३ व्होल्टच्या खूप खाली गेली असेल तर ती आतनं खराब झालेली असते, मग दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून तिला जागं करायचे जे व्हिडिओ फिरतात ते घरात करू नका हो, पोरंबाळं असतात. सरळ नवीन घ्या, जुनी ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको. आणि नवीन असली तरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

रिमोटमध्ये पेन्सिल सेल विसरलेले असतात. आमच्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पावडर साचलेली, सेल अल्कलाइन होते म्हणून इअरबडला लिंबाचा रस लावून घासलं, पुसून वाळवलं, लाइट लागली.

उडवताना एका कोपऱ्याला झुकला की लोक लगेच रिमोटवरची ट्रिमची बटणं (झुकणं थोडं थोडं सावरायची) दाबत बसतात. ट्रिम आधी झिरो करा, ड्रोन सपाट फरशीवर ठेवून रिमोटच्या दोन्ही दांड्या खाली उजव्या कोपऱ्यात २-३ सेकंद धरा, ड्रोनची लाइट ब्लिंक झाली की कॅलिब्रेट झालं, म्हणजे सपाट कुठलं ते त्याला कळलं. तरी झुकतोय? मग पंखा बोटानं फिरवून बघा. आमचा मागचा डावा जड फिरत होता, टॉर्च मारून बघितलं तर गियरच्या खाली लांब केस गुंडाळलेला, चिमट्यानं ओढून काढायला दहा मिनिटं गेली. केस नसेल तर तिरक्या समोरच्या कोपऱ्यातला पंखा इकडं आणि इकडचा तिकडं लावा, ते दोन एकाच दिशेनं फिरतात. झुकणं पंख्याबरोबर तिकडं गेलं तर पंखा खराब, जागेवरच राहिलं तर मोटर. शेजारचा पंखा लावू नका, उलटा असतो, ड्रोन उठणारच नाही.

आमच्या कोल्हापुरात असाल तर पहिल्यांदा उडवायला रंकाळा तलावावर तर जाऊच नका, संध्याकाळी वारं सुटतं आणि एवढा हलका ड्रोन पाण्यावर गेला की गेला. आम्ही सकाळी सात वाजता तपोवन मैदानावर गेलो, वारं नव्हतं. उजळाईवाडीच्या बाजूला विमानतळ आहे, तिकडं नकोच, ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारच्या डिजिटल स्काय साइटचा नकाशा आधी बघा.

घरी आल्यावर बॅटरी ड्रोनमधनं काढली, ३.८ व्होल्टपर्यंतच चार्ज करून ठेवली, रिमोटचे सेलही काढले. भाच्यानं डब्यावर पेननं तारीख लिहिली.