64 जीबीच्या लॅपटॉपात जागा कशी करायची

माझी भाची नांदेडला बीएस्सी करती, होस्टेलवर राहती. दाजींनी तिला दोन वर्षांखाली एक कमी बजेटचा लॅपटॉप घेऊन दिलता, 4 जीबी रॅम अन् 64 जीबी स्टोरेजवाला. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला तिचा फोन आला, मामा सी ड्राइव्ह लाल झालाय, वर्डची फाइल सेव्हच होईना, सकाळी जर्नलच्या प्रिंटा द्यायच्यात. मोकळी जागा किती दाखवायलंय म्हणलं तर 212 एमबी. अन् मग जरा थांबून म्हणली, मी फोटोचं एक फोल्डर उडवलं शिफ्ट डिलीट मारून, तरी दीडच जीबी सुटली अन् ती पण तासाभरात परत भरली.

त्या फोल्डरात माझ्या वडिलांचे, म्हणजे तिच्या आजोबांचे, शेवटच्या दिवाळीचे फोटो होते.

हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यामुळंच. जागा संपली की माणूस घाईत आपण स्वतः ठेवलेल्या वस्तूंनाच आधी हात घालतो, कारण त्याच डोळ्यासमोर असतात, फोटो, व्हिडिओ, कॉलेजच्या फायली. अन् खरी जागा अडवून बसलेलं सामान भलतीकडंच असतं. तिच्या लॅपटॉपात त्याच रात्री 12 जीबीचं जुनं विंडोज पडलेलं होतं अन् टेलिग्रामचे 9 जीबी. तिला फोनवर ज्या क्रमानं सांगितलं त्याच क्रमानं इथं सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, 64 जीबीचा लॅपटॉप तुम्हाला 64 कधीच दाखवणार नाही. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरती अन् विंडोज धरतं 107 कोटी 37 लाख, त्यामुळं 64 चे होतात साडेएकोणसाठ, त्यातून रिकव्हरीचा भाग गेला की हातात येतात 58 च्या आसपास. 128 वाल्याला 119 दिसतात. दुकानदारानं फसवलं असं काही नसतंय. पण ह्या 58 मध्येच विंडोज बसणार, अपडेट बसणार अन् शेवटी तुम्ही, आणि विंडोज 11 ला कमीत कमी 64 जीबी लागतात असं मायक्रोसॉफ्टच सांगती, म्हणजे असा लॅपटॉप पहिल्या दिवसापासूनच काठावर असतो.

आता मोजायचं. मोंढ्यात माल काट्यावर चढल्याशिवाय कुणी हिशोब करत नाही, इथं पण तसंच करा. सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, स्टोरेज दाबा. थोडं थांबा, गोल फिरायचं बंद होऊ द्या, मग पट्ट्या दिसतील, ॲप्स किती, टेम्पररी फाइल्स किती, डॉक्युमेंट्स किती. ह्याच्यापेक्षा बारीक बघायचं असलं तर विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट, ते अर्ध्या मिनिटात सगळा ड्राइव्ह वाचून सगळ्यात मोठं फोल्डर वर अन् छोटं खाली असं लावून दाखवतं. मला हेच आवडतं. फक्त बघायला वापरा, त्यातून काही डिलीट करू नका, निदान पहिल्यांदा तरी.

मोजून झालं की टेम्पररी फाइल्सवर क्लिक करा. इथं एक मोठी यादी येती. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, थंबनेल्स, ह्याच्यावर बिनधास्त टिक करा. प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन असं काही दिसलं तर ते तुमचं जुनं विंडोज, मोठा अपडेट झाला की मागची आवृत्ती विंडोज 10 दिवस जपून ठेवतं, काही बिघडलं तर मागं जाता यावं म्हणून, अन् मग आपोआप काढून टाकतं. भाचीच्या लॅपटॉपात अपडेट होऊन आठवडा झालता. अजून तीन दिवस कळ काढली असती तर ते 12 जीबी आपले आपणच सुटले असते, हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा मला लई वाईट वाटलं. लॅपटॉप नीट चालत असला तर त्याच्यावर पण टिक करा.

पण त्याच यादीत एक ओळ असती डाउनलोड्स नावाची. तिच्यावर टिक नसतं, पण बरेच जण जागेच्या नादात वरपासून खालपर्यंत सगळं टिक करत जातात अन् त्याच्यात हॉल तिकीट, मार्कमेमो, जातीच्या दाखल्याची पीडीएफ सगळं जातं. माझं परभणीत झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, वर्षाला चार-पाच लेकरं तरी अशी येतात, डोळ्यात पाणी घेऊन. डाउनलोड्स स्वतः उघडा, साइजप्रमाणं लावा, एकच पीडीएफ कंसात 1, 2, 3 आकडे लावून चार-चार वेळा उतरलेली असती, सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली पडलेल्या असतात ज्या एकदा इन्स्टॉल झाल्यावर काही कामाच्या नाहीत, ते हातानं काढा. रिसायकल बिन एकदा उघडून बघा अन् मगच रिकामं करा.

टेलिग्रामचं सांगतो, कारण आपल्याकडं लातूर-नांदेडला शिकणाऱ्या लेकरांचं निम्मं स्टोरेज तिथंच असतं. नीटच्या नोट्स, लेक्चरचे व्हिडिओ, टेस्ट सिरीज, सगळं ग्रुपवर येतं आणि नुसतं ग्रुप उघडून वर-खाली केलं तरी उतरत राहतं. टेलिग्रामच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जा, ऑटोमॅटिक मीडिया डाउनलोड बंद करा, अन् मॅनेज लोकल स्टोरेजमधून कॅश, म्हणजे लॅपटॉपात तात्पुरत्या साठवलेल्या फायली, साफ करा. ह्याच्यात भ्यायचं कारण नाही, फायली टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात, परत लागली की परत उतरवता येती. व्हॉट्सॲपचं मात्र असं नाही, तिथं फाइल जुनी झाली की परत उतरेलच ह्याचा भरवसा नाही, त्यामुळं तिथं ऑटो डाउनलोड बंद करा पण आलेलं साफ करायच्या आधी कामाचं बाजूला काढून ठेवा. ह्या एका टेलिग्रामच्या कामानंच तिचे 9 चे पाऊण जीबी झाले.

ॲप्समध्ये जाऊन साइजप्रमाणं लावून जे वापरत नाही ते अनइन्स्टॉल करा, लॅपटॉपसोबत आलेला ट्रायलचा अँटिव्हायरस असला तर तो आधी, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. तीन-तीन ब्राउझर ठेवू नका. ह्याच्यात फार सांगण्यासारखं नाही.

हायबरनेशनचं जरा विचार करून करा. लॅपटॉप हायबरनेट करता यावा, म्हणजे उघडं काम डिस्कवर उतरवून पूर्ण बंद करता यावा, म्हणून विंडोज सी ड्राइव्हवर एक लपलेली फाइल धरून ठेवतं, साधारण रॅमच्या 40 टक्के, म्हणजे 8 जीबी रॅमला 3 जीबीच्या वर अन् 4 जीबीला दीड जीबीच्या वर. ती काढायची असली तर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर घ्या, काळी खिडकी उघडती तिथं इंग्रजीत पॉवर हा शब्द अन् त्याला चिकटूनच सी एफ जी ही अक्षरं, मग स्पेस, तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) अन् एच, परत स्पेस, अन् ऑफ, एंटर. संपलं. ऑफच्या जागी ऑन लिहिलं की परत चालू. पण आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अन् बॅटरी जुनी झालेली असली तर स्लीपवर ठेवलेला लॅपटॉप मधीच बंद पडतो, तेव्हा हायबरनेशन असलं तर उघडं काम वाचतं. बॅटरी चांगली असली तरच हे करा, असं माझं मत. खेड्यात राहणाऱ्याला मी हे सांगत नाही.

काही ठिकाणी अजिबात हात लावायचा नाही. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचं फोल्डर मोजताना लई मोठं दिसतं, त्यातल्या कितीतरी फायली दोनदा मोजल्या जातात, प्रत्यक्षात ते तेवढं नसतं, अन् हातानं काढलं तर विंडोज मोडतं. सिस्टिम 32, प्रोग्राम फाइल्स, तसंच. पीसी क्लीनर, बूस्टर असल्या जाहिरातीतल्या सॉफ्टवेअरनं तर उलट जागा जाती, वरून नको ते घुसतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची आतली नोंदवही, साफ केल्यानं जीबी सुटत नाहीत हो.

आता एवढं करून तिच्याकडं 21 जीबी मोकळी झाली. रात्रीचे अकरा वाजले होते, जर्नल सेव्ह झालं. तिनं विचारलं, मामा फोटो परत येतील का. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या रिपेअरवाल्याला विचारलं, तो म्हणला जुनी फिरणारी हार्ड डिस्क असती तर प्रयत्न केला असता, हे जमणं अवघड. त्याचं कारण असं की एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, अन् ह्या स्वस्त लॅपटॉपातली स्टोरेजची ईएमएमसी चिप, ह्यांना विंडोज डिलीट झालेली जागा लगेच कळवून टाकतं, ट्रिम म्हणतात त्याला, अन् चिप ती जागा आतल्या आत पुसून मोकळी करती. वेग टिकायला ते चांगलं, पण शिफ्ट डिलीट मारलेलं परत आणायची आशा जवळपास संपती. नुसतं डिलीट दाबलं असतं तर रिसायकल बिनमध्ये तरी मिळालं असतं. नंतर मावशीच्या व्हॉट्सॲपवर त्यातले सहा फोटो सापडले, दाबून छोटे झालेले, वडिलांच्या धोतराची किनार पण नीट दिसत नाही त्यात.

म्हणून जे परत मिळणार नाही ते आधी बाहेर हलवा, अन् हलवायचं म्हणजे दोन ठिकाणी. गुगलचे 15 जीबी फुकट असतात, पण जीमेल, ड्राइव्ह अन् फोटो तिन्हीत मिळून, 1 जून 2021 पासून फोटो पण त्यातच मोजतात. वनड्राइव्हचे फुकट 5 जीबी. वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या फाइलवर राइट क्लिक केलं की फ्री अप स्पेस असं येतं, ते केलं की फाइल नेटवर राहती अन् लॅपटॉपातली जागा सुटती, नाव मात्र ढगाच्या चित्रासकट दिसत राहतं. पण तीच फाइल तिथून डिलीट केली तर नेटवरनं पण जाती. हा फरक लेकरांना समजावून सांगा, लई जणांचं इथंच चुकतं.

मेमरी कार्डाचा खाचा असला तर 128 चं मायक्रो एसडी कार्ड घालून कायमचं ठेवा, व्हिडिओ, लेक्चर, गाणी तिकडं. स्टोरेजच्याच पानावर ॲडव्हान्स्डमध्ये नवीन फायली कुठं सेव्ह व्हाव्यात ते बदलता येतं. सॉफ्टवेअर मात्र कार्डावर टाकू नका, कासवासारखं चालतं. कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट 32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. अन् आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन तीनशे रुपयात 2 टीबीचा पेनड्राइव्ह मिळायला लागला तर घेऊ नका. तो लॅपटॉपला 2 टीबी दाखवतो पण आत 16 किंवा 32 जीबीची चिप असती, ती भरली की पुढच्या फायली नुसत्या नावाला दिसतात, उघडत नाहीत. कुठलंही नवीन कार्ड आलं की एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं एकदा पूर्ण भरून वाचून बघा, वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा.

ज्यांच्याकडं स्कॅनचं काम असतं त्यांनी अजून एक बघा. सध्या कुणबी नोंदीसाठी घराघरातून जुने निजामकाळातले कागद निघायलेत, उर्दूतले, मोडीतले, लोक 600 डीपीआयला, म्हणजे एका इंचात 600 ठिपके, कलरमध्ये स्कॅन करून ठेवतात. ते ठीक आहे, तो कागद परत मिळणार नाही, त्याला तेवढा मान पाहिजेच. पण आधार, रेशनकार्ड, सातबारा पण 600 ला कशाला, 200 डीपीआय ग्रेमध्ये फॉर्मला पुरतं. 600 म्हणजे 200 च्या 9 पट ठिपके.

पुढं परत भरू नये म्हणून स्टोरेजच्या पानावरचं स्टोरेज सेन्स, म्हणजे विंडोजची आपोआप सफाई, चालू करा, महिन्याला एकदा, रिसायकल बिन 30 दिवस, अन् डाउनलोड्सच्या ओळीत नेव्हर. 58 पैकी 10-12 जीबी कायम रिकामे राहू द्या, नाहीतर अपडेट उतरत नाही अन् विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, त्यामुळं अपडेटशिवाय लॅपटॉप चालवणं बरं नाही. तरीही मोठ्या अपडेटला जागा कमी पडली तर विंडोज बाहेरचा ड्राइव्ह मागतं, 16 जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा करून लावा, चार्जर लावूनच ठेवा, अन् होईपर्यंत काढू नका.

ईएमएमसी बोर्डावर झाळलेली असती, ती बदलून मोठी होत नाही. पण काही मॉडेलमध्ये आत एम.2 चा, म्हणजे एसएसडी बसवायचा, खाचा रिकामा असतो, मॉडेल नंबर टाकून मॅन्युअलमध्ये बघा किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याला मागचं झाकण उघडून बघायला सांगा, असला तर 256 ची एसएसडी टाकली की हा सगळा ताण संपला. भाचीच्या लॅपटॉपात नव्हता.

तिच्यासाठी मी 1 टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले, लॅपटॉपातले फोटो त्यात टाकले, वर्षाप्रमाणं फोल्डर करून. ते सहा फोटो पण आहेत. डिस्क गावाकडं आईच्या कपाटात असती, साड्यांच्या घडीत, अन् दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीला भाची गावी गेली की नवीन फोटो त्यात टाकती अन् परत तिथंच ठेवती.